चौथा गुणवंत

धंतोलीत पाटी आहे : डॉ. गुणवंत ढोके, हृदयविकार.
दुसरा यष्टीमागे उभा राहायचा विदर्भाकडून,
बोटं मोडून घेतली, आता पोरं शिकवतो म्हणे.
तिसरा झाडीपट्टीचा. तीस वर्षं खलनायक.
बाया आधी शिव्या घालत, मग सही मागत.

मी इतवारीत कुलपं उघडतो.

रात्री फोन येतात : डॉक्टरसाहेब, बाबांच्या छातीत...
मी खरा नंबर सांगतो,
आणि मग कूलरच्या पाण्याचा आवाज ऐकत
पहाटेपर्यंत त्या बाबांपाशी बसून राहतो.

तिसरा गेला तेव्हा दोन हार माझ्या दुकानावर आले.
परत कुठे करणार?
रसवाल्यानं ते बादलीत भिजत ठेवले.

तेरवी झाल्यावर त्याची पोरगी आली
महालातून, रिक्षात पत्र्याची पेटी घालून.
किल्ली सापडत नाही म्हणाली,
पाटीवर नाव वाचलं नि थांबले.

पेटीत खोट्या मिशा, काजळाची डबी,
चाहत्यांची पत्रं सुतळीनं बांधलेली,
आणि त्या गठ्ठ्यात एक पोस्टकार्ड :
‘गुणवंतभाऊ, तुमच्या कुलपाला सात वर्षं झाली,
अजून कुरकुर नाही. – बैतुले, कामठी.’

पत्ता माझा. पोस्टमन घाईतला.
खाली लाल शाईत, त्याच्या अक्षरात :
हा कोण? एकदा भेटलं पाहिजे.

किती झाले, पोरीनं विचारलं.
राहू दे बावा, म्हणालो.
नवी किल्ली घासून दिली,
पोस्टकार्ड आतच ठेवलं.