नदीचं पान

पाचव्या, शेवटच्या पानाला हे लोक नदी म्हणतात.
खिडकीबाहेरही नदीच आहे, कोलंबिया,
समुद्राच्या तोंडाशी येऊन सुस्तावलेली,
आणि धक्क्यावर सीलांचं भुंकणं, रात्रभर.
आस्टोरियात शुक्रवारी दुसरं करायचं काय?
बोलिंगच्या वरच्या मजल्यावर आठ खुर्च्या, एक हिरवं टेबल.
लॉयल पानं पिसतो.

माझ्यासमोर क्लीट.
सत्ती-दुर्री घेऊन बसलाय, हे मला नंतर कळलं.
माझ्याकडे दोन एक्के.
चार पानं उघडी पडली, त्यांत एक सत्ती.
न दिसलेली चव्वेचाळीस.
त्यांतली पाच त्याची, एकोणचाळीस माझी.
मी सगळं पुढे सारलं, सारायला हवं तसं.
नदीवर आली किलवरची दुर्री.

"माफ कर, सिग्ने," म्हणाला,
आणि दोन्ही हातांनी चिप्स ओढून घेतल्या,
भिजलेलं जाळं ओढावं तशा.

तासाभरात पुन्हा. मग पुन्हा.
एकदा पानं न बघताच खेळला, तेव्हाही.
ह्याचं दान उलटं टाकलं तरी सुलटं पडतं.

कानशिलं तापतात. ते तापणं माझ्या ओळखीचं आहे.
आधी गोड बोलतं: नव्वी-तिर्री आहे ना, चालेल,
उतर, दाखव ह्याला.
बोटं आपणहून चिप्सशी चाळा करू लागतात.
मग मी हात मांड्यांखाली घेऊन बसते,
शिक्षा झालेल्या पोरीसारखी.
बाकीचे हसतात. हसोत.

एकतीस वर्षं मी मासे डब्यात भरायच्या कारखान्यात
काट्यावर होते.
बोटी यायच्या, ट्युना तोलायचा, आकडा लिहायचा.
कमी भरला की कोळी काट्याला लाथ घालायचे,
माझ्या आईचा उद्धार करायचे.
काट्याने कधी कुणावरचा राग
एका औंसानेही दाखवला नाही.

नव्वी-तिर्री फेकते.
गुलाम-छक्की फेकते.
पाऊण तास नुसती फेकतच राहते.
ह्याला खेळणं म्हणतात,
हे आर्वोला शेवटपर्यंत पटलं नाही.

टोकाला बसलेला कॉलेजातला पोरगा
क्लीटला समजावू लागला,
अरे, सत्ती-दुर्रीवर कुणी पैसे लावतं का?
मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर बूट मारला.
दुभती गाय आहे बाबा.
लाथा खाव्यात,
गोठ्याचं दार उघडू नये.

दहाच्या सुट्टीत, कॉफीच्या यंत्रापाशी,
लॉयल हळूच म्हणाला, जानेवारीतली ती खेकड्यांची बोट,
उलटली ती. पाच जण होते.
हा एकटा.
सकाळपर्यंत पाण्यात.
त्या पाण्यात सकाळपर्यंत कुणी उरत नाही.
मी सवयीने मनात आकडे मांडायला घेतले
आणि ठेवून दिले.
चव्वेचाळीसांत पाच, हे कुणी सांगायचं
ह्या माणसाला?

परत बसले तेव्हा हात जड झाले होते.
जाऊ दे, वाटलं, जिंकू दे, काय होतंय.
तेवढ्यात कानशिलांना तीच ऊब लागली,
तीच, ओळखीची.
दया ही रागाचीच सख्खी बहीण.
तिच्याही नादाने पैसे जातात.
हात पुन्हा मांड्यांखाली.

पावणेअकराला राजांची जोडी.
नऊ वाजता सारले असते तेवढेच सारले,
एक डॉलर जास्त नाही, एक कमी नाही.
क्लीटने पानांकडे न बघता होकार दिला.
नदी: चौकटची अठ्ठी. कुणाच्याच कामाची नाही.
राजे टिकले.
"छान खेळलीस," तो म्हणाला, मनापासून.
मी काय खेळले होते?
गप्प बसले होते फक्त.

वहीत दोन रकाने आहेत माझ्या.
पहिल्यात लिहिलं: बरोबर.
दुसऱ्यात: वजा एकशे चाळीस.
दोघांची आपसात बोलाचाल नाही,
बरीच वर्षं.

बाहेर धुकं. जिन्याच्या पायऱ्या ओल्या.
माझ्यापुढे क्लीट उतरत होता,
दोन्ही हातांनी कठडा धरून,
एकेक पायरी आधी बुटाने चाचपून.