खाट नंबर तीन

शारजा, रोला. रात्रीचे पावणेतीन.
बंदरावरच्या शीतगृहाचा नियंत्रक
पुन्हा मान टाकून पडला आहे,
या महिन्यात तिसऱ्यांदा, आणि तिन्ही वेळा कुणी बघत नसताना.
पडण्यापूर्वी तो जे बरळला
ते माझ्या पडद्यावर:
सहा-बी सहा-बी सहा-बी सहा-बी.

कर्नल, फौजेतला नव्हे, यंत्राच्या पोटातला,
जागा मोकळी करतो तेव्हा
तिच्यावर हा एकच आकडा फासतो,
साथीच्या दिवसांत मोरीत टाकायच्या चुन्यासारखा.
कुणाचं पाऊल चुकून पडलंच
तर तळव्याला पांढरं दिसावं.
पडलं आहे. कुणाचं, ते शोधायचं.

शोधायला दिवा लावावा तर चूक गायब.
एक ओळ छापायला सांगितली
की तेवढ्या वेळात दोन धागे एकमेकांना वाट देतात,
पाहुण्यांसमोरच्या जावांसारखे.
ओळ काढली, की पुन्हा झोंबाझोंबी.
एक विचारतो: आहे का? आहे.
आणि हात लांब करेपर्यंतच्या फटीत,
जिच्यात पापणीही मावणार नाही,
दुसरा येऊन सगळं आवरून जातो.
पहिल्याच्या मुठीत पत्ता तेवढा उरतो.

आमच्या फ्लॅटमध्ये सहा खाटा, आठ माणसं.
पगार बरा असून मीही इथेच;
बहिणीच्या डायलिसिसचे आकडे वेगळे.
तीन नंबर हुसेनमिया परकारची होती, दाभोळचा.
फेब्रुवारीत त्याचा व्हिसा संपला की संपवला,
एका दुपारी तो गेला.
सहाच्या आत बिनॉयने चादर बदलली,
सातला सोपान खरमाटे आला, जतचा, वेल्डर,
आणि आठला घोरू लागला.
खाटेच्या दांडीला चार्जरसकट बांधलेला
परकारचा जुना मोबाईल कुणी सोडला नाही.

शुक्रवारी तो वाजला.
पलीकडे परकारची अम्मा, कान गेलेले.
"जेवलास काय रे?"
सोपान नुकताच जेवला होता.
"हो," म्हणाला.

तेव्हापासून दर शुक्रवारी.
खोकला? थांबला. ऊन? आहे की.
गेल्या महिन्यात त्याने दाभोळला दोनशे दिरहम पाठवले.
का, ते मी विचारलं नाही.

यंत्र कोसळलं तर परवडतं.
कोसळणं निदान ओरडून सांगतं.
मला धास्ती उत्तर मिळण्याची:
मोकळ्या जागेत दुसरंच कुणी राहायला आलेलं,
जुन्या पत्त्यावरचा प्रश्न त्यालाही कळतो,
आणि तो सभ्य असतो.

सव्वाचारला सापडली.
दोन ओळी वर न्यायच्या होत्या, बस्स.
कुलूप सोडण्याआधी मोजणी एकने वाढवायची,
शेवटचा हात सुटेस्तोवर
जागा कुणाला द्यायची नाही.
पाठवून दिलं. शीतगृहातली सुरमई वाचली.
परकार कुठे आहे, हे बिनॉयलाही माहीत नाही.

उजाडला तो शुक्रवार.
सोपान मोरीत, कोपरापर्यंत साबण.
तीन नंबरवर फोन वाजतो.
आज मी जवळ आहे,
आणि अम्माला काय सांगायचं ते रात्रभर जुळवलं आहे.
तो ओल्या पायांनी धावत येतो.

दोघांचे हात एकदमच निघतात.