अठ्ठ्याण्णव नंबर

कारानावीच्या पुलाअलीकडे, डांबर संपून
लाल धूळ सुरू होते तिथे माझं गॅरेज.
वर पत्रा, खाली दोन बाकं, आणि एक कॅलेंडर,
ज्याचं वर्ष संपून चार वर्षं झाली.

तो दुपारी आला, गाडी ढकलत.
एकोणीस-वीसचा. नाव रुफिनो.
उजव्या पोटरीवर भाजल्याचा ताजा चट्टा.
"बाई, चढाला घेतली की आतून कुणीतरी
डब्यात खिळे हलवतं. आणि तापते अशी
की किल्ली काढली तरी धडधडतच राहते."

दीडशेच्या जागी एकशे नव्वदचा सिलिंडर,
हवेचा डबा काढून बसवलेला उघडा फिल्टर,
सायलेन्सर म्हणजे नुसती नळी.
टाकीवर हाताने रंगवलेला कोंडोर,
एक पंख दुसऱ्यापेक्षा वीतभर लांब.
"कुणी केलं हे?"
"भावाने. वर एल आल्तोला, अंगणात."

आधी तिघांना दाखवून झालं होतं.
एकाने टॅपेट आवळले, एकाने टायमिंगची चेन बदलली,
तिसऱ्याने महागडं ऑइल ओतलं.
दुखणं रेड्याला, औषध पखालीला.

इंजिन गार होऊ दिलं, मग सुरू केलं.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर,
मूठ कानामागच्या हाडावर, डोळे बंद.
टॅपेट शिस्तीत. चेनची कुजबुज, पण भांडण नाही.
बेअरिंग गप्प.
उभ्या गाडीत तो आवाज राहतच नव्हता.

मग मी चालवायला, तो मागे, आणि शाळेचा चढ.
तिसऱ्या गिअरला मूठ पिळली मात्र,
टिर्रर्र,
माळ तुटून फरशीवर मणी सांडावेत तसं.

प्लग काढला, फडक्यात धरून दाखवला.
पांढराफटक. खडू.
"हिला पेट्रोल पुरत नाहीये. उपाशी पळते, म्हणून ताप."
"पण वर तर झकास चालायची!"
वर. चार हजार मीटर.
तिथे हवा विरळ, पेट्रोल कमीच लागतं.
कार्ब्युरेटर उघडला: मुगाएवढा पितळी जेट, अठ्ठ्याण्णव.
भावाचा हिशोब चोख होता.
इथली हवा दाट, दमट, चावून खावी अशी.
"साडेतीन हजार मीटर खाली उतरलास तू,
इंजिनाला कुणी सांगितलंच नाही."

एकशे पंधराचा शोधायला डबा ओढला
तर त्याने माझं मनगट धरलं.
"तो काढू नका. त्याने बसवलाय.
तो गेला, मे महिन्यात."

कुठे, ते मी विचारलं नाही.
चिलीला जाणारेही आमच्याकडे
एवढ्याच शब्दांत जातात.

थोडा वेळ मी फिन्समधला चिखल उकरत बसले,
बांबूच्या काडीने, एकेक फट.
मग म्हटलं, हाच ठेवलास तर पुढच्या घाटात
पिस्टनला भोक पडेल. तेही त्यानेच बसवलंय ना?
त्याने मनगट सोडलं.

एकशे पंधरा बसला. सुई एक खाच वर.
"पुलापर्यंत जा, पूर्ण पिळून.
तिथे क्लच दाबून किल्ली बंद कर, ढकलत परत ये.
प्लग खोटं बोलत नाही, पण मधे रमलास तर विसरतो."

गेला. मी ऐकत राहिले.
मणी नाहीत. नुसता नळीचा उघडा घसा.
पुलावर आवाज तुटला.
ढकलत यायला दहा मिनिटं. पंचवीस लागली.
आला तेव्हा डोळे लाल. धूळ, म्हणाला.
प्लग दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा.

पैसे दिले, निम्मे चिल्लर.
जुना जेट मी काडेपेटीत घालून दिला,
वर पेन्सिलीने लिहिलं: वरचा.
खिशात टाकण्याआधी त्याने
ती कानाशी नेऊन हलवली.