राजा, दहा

भिवापूरहून पवनीकडे जाताना
डाव्या हाताला पत्र्याचं कुंपण, आत लाल.
त्या लालात मी अकरा वर्षं काट्यावर बसले,
बायांनी खुडलेल्या मिरचीची वजनं लिहीत,
म्हणून सांगू शकते.

द्रुपताबाई गभणे देठं खुडायला आली तेव्हा
किलोमागे पंच्याहत्तर पैसे होते.
नवरा झाडीपट्टीत राजपार्ट करायचा.
मंडईच्या दिवसांत महिना महिना राजा,
पहाटे मुकुट पिशवीत कोंबून घरी,
खोबरेल तेलानं गालावरचा रंग पुसत
"दहा रुपये हाय का वं?"
ती द्यायची. वहीत लिहायची: राजा, दहा.

ती वही पुढे माझ्याकडे आली.
पहिलं पोतं उधारीवर, दुसरं पोतं,
कलकत्त्याच्या शेठनं बुडवलेला अख्खा माल,
मग स्वतःचा ट्रक,
ज्याच्या मागे रंगवलेलं: शिंक आली तर थांबा.
मधेच एका ओळीत:
प्रणिता झाली. दोन दिवस सातरा बंद.

हाताचं सांगायचं राहिलं.
मिरची खुडणारीचा हात दिवसा जळतो, रात्री जास्त.
ताकात बुडवा, जवसाचं तेल चोळा,
लेकराच्या डोळ्याला तो लावता येत नाही.
आम्ही सगळ्याच कोपराला पदर गुंडाळून
लेकरं पुसायचो.
प्रणिताही तशीच मोठी झाली,
कोपरानं.

मग कृषी महाविद्यालयात तिला भेटला
कोसमगडच्या राजांचा धाकटा.
दोन गाड्या आल्या,
एक कारभारी, दोन मावश्या, चांदीच्या ताटात नारळ.
कारभारी म्हणाले, पत्रिकेत
'मिरचीचे व्यापारी' नको,
'जमीनदार' शोभेल.
बाईनं चहा पुढे केला.
"जमीन तीन एकर हाय, तेही वाळवणाची.
मिरचीच लिवा. मोठ्या अक्षरात."
मग मावश्यांकडे बघून,
"अन् राजा का नवा हाय या घराले?
तीस वर्सं जेवू घातलं एकाले."
खाटेवरचा म्हातारा हसला,
उठला, धोतर सावरलं,
आणि त्यानं कारभाऱ्याला जो मुजरा केला
तसा कोसमगडात शंभर वर्षांत
कोणी केला नसेल.

वरात सातऱ्याच्या आवारात उतरली,
एवढ्या माणसांना दुसरी जागाच नव्हती.
फेटे, तलवारी, एक भालासुद्धा.
वारा फिरला.
आधी भालदार शिंकला, मग त्याच्या मागचा,
मग थोरले राजे,
आणि आम्ही दीडशे बाया तोंडाला पदर लावून उभ्या.
हसलो की नाही, ते पदराला ठाऊक.

पाठवणीला प्रणिता रडली.
बाईच्या हाताला मिरची लागून तेव्हा
पंधरा वर्षं झाली होती, बोटांत अंगठ्या होत्या,
तरी तिनं कोपरच पुढे केलं.
शालूची जर त्यावर गुंडाळून
लेकीचे डोळे असे नेमके टिपले
की राजवाड्यातल्या बाया एकमेकींकडे बघत राहिल्या.
समजावून कोणी सांगितलं नाही.

त्या रात्रीची नोंद माझ्या अक्षरात आहे.
आचारी, मंडप, बँड,
घोड्याच्या चाऱ्याचे पैसे त्यांच्याकडून येणे.
विचारलं, खाली लग्नाचं काय लिहू?
ती बांगड्या उतरवत होती.
"लिव, माल रवाना," म्हणाली,
आणि लगेच,
"नको. खोड ते."
खोडलंय. अजून वाचता येतं.

सकाळी सहाला फाटक उघडलं.
भाव दोन रुपयांनी पडला होता.