खारं पाणी, दोनशे लिटर

खाणी बंद झाल्या तेव्हा सगुणची बार्ज
कुठ्ठाळीच्या धक्क्याला लागली ती लागलीच.
चोवीस वर्षं नदीतून खनिज ओढणारा माणूस
दोन महिने बाल्कनीत बसून नखं कापत होता.
मग एका दुपारी मडगावहून आला,
कदंबाच्या खिडकीशी बसून, मांडीवर पिशवी,
पिशवीत पाणी, पाण्यात तळहाताएवढं
केशरी पट्ट्यांचं काहीतरी,
चिमट्यासारख्या तोंडाचं.
फुलपाखरू मासा, म्हणाला.
मी किंमत विचारली.
त्याने पाण्याचं तापमान सांगितलं.

चिखलीच्या आमच्या दोन खोल्यांत
तेव्हापासून समुद्रही भाड्याने राहतो.
बोगमाळ्याहून कॅन भरून आणायचे, मे संपायच्या आत;
नंतर झुआरी गढूळ होऊन बाहेर पसरते,
ते पाणी चालत नाही.
पाणी उडतं, मीठ उडत नाही,
हे मला त्याने शिकवलं.
म्हणून रोज रात्री गोडं पाणी तांब्याभर
(तांब्या स्टीलचा; तांबं विष असतं म्हणे),
जेवढं कमी झालं तेवढंच.
खारटपणा आपला आपण राहतो.

नऊ दिवस त्याने काही खाल्लं नाही.
माशाने. सगुणनेही फारसं नाही.
दाणे नकोत, बर्फातली कोळंबी नको,
लसणाचा रस चोळून दिली, तरी नको.
दहाव्या दिवशी मी वास्कोच्या मार्केटात
सांतानकडून तिसऱ्यांचा एक वाटा घेतला,
एक सुरीने उघडली,
अर्धा शिंपला तळाशी सोडला.
ती लांब चोच आत गेली. थांबली.
पांढुरका एक धागा घेऊन बाहेर आली.
सगुणने माझं मनगट धरलं,
कोपरापर्यंत ओल्या हाताने.
उरलेल्या तिसऱ्या मी खोबरं घालून करणार होते.
"त्या उद्याच्या," तो म्हणाला.
आम्ही वरणभात जेवलो.

त्याच्या शेपटीच्या वर एक काळा डोळा असतो, खोटा.
मारणाऱ्याला वाटतं हा तिकडे निघाला,
आणि हा सुटतो उलट्या दिशेला.
"बार्जला असा एक रंगवायला हवा होता,"
खाणींबद्दल सगुण दोन वर्षांत
एवढंच बोलला.

ऑक्टोबरात कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळला.
पंप थांबला, आणि घरात
कधी नव्हती एवढी शांतता झाली.
मगाने पाणी उचलायचं, उंचावरून सोडायचं,
उचलायचं, सोडायचं,
आत हवा जावी म्हणून.
दोनच्या सुमाराला त्याचा खांदा भरला.
मग मी घेतला.
अंधारात मासा दिसत नव्हता.
आहे असं धरून ओतत राहिले,
आणि मागे खुर्चीत सगुण झोपला होता,
तोंड उघडं टाकून,
बार्जच्या केबिनमध्ये झोपत असेल तसा.
पाचला दिवे आले.
मी त्याला उठवलं नाही.

"बाये, नुस्त्याक नुस्तें!"
सांतान रोज हसते तशी हसली.
"सांग तरी, काल जेवलें?"
दोन तिसऱ्या, म्हटलं. शिंपला चाटूनपुसून.
"आनी तुमी?"

मी पिशवी उघडून धरली.