उदबत्ती

दस्तगीर मिस्त्री माळ्यावर रांगतात,
हातात उदबत्ती.
धूर सरळ, सरळ,
वाशापाशी एकदम मान टाकतो.
"हितनं वारं येतंय बगा, वैनी."

कौलांखाली चंदेरी फोम, फटींत काथ्या नि चुना.
मे महिन्यात ही खोली गुऱ्हाळाची काहील,
पौषात पंचगंगेचं धुकं थेट वाकळेत.

आढ्याजवळनं त्यांनी एक बोळा उपसला.
माझं हिरवं इरकल!
दोरीवरनं गेलेलं,
ज्याच्यापायी शेजारच्या हौसाक्काशी
अकरा वर्षं अबोला.

ह्यांनीच कोंबलं असणार.
थंडी वाजते म्हणून
कटकट तर मीच केलेली.

आता धूर सामाईक भिंतीशी.
पलीकडं हौसाक्काचा खोकला.
वाकतोय.
"बुजवू?"

मी लुगडं झटकते.
म्हणते, जरा थांबा,
धूळ बसू दे.