सहावी पायरी

वेर्ण्याच्या पठारावर दुसऱ्या पाळीचा भोंगा होऊन गेला.
कँटीनवाल्यानं माझी भाजी-पाव झाकून ठेवलीय
आणि मी वाचतेय रॉकीचा कोड.
रॉकी म्हणजे रोकेझिन्य बार्रेटो, दिवाडीचा.
मार्चमध्ये पासपोर्ट बदलून स्विंडनला गेला.
जाताना टेबल पुसलं, कप धुऊन पालथा घातला,
आणि हेडरमध्ये एक शब्द ठेवून गेला:
स्टॅटिक.

सां पेद्रच्या धक्क्यावर आमचं एक यंत्र आहे,
पलीकडे दिवाडीला दुसरं.
मांडवीचं पाणी किती चढलं ते लाल आकड्यांत सांगायचं,
बाकी काही नाही.
अलीकडचं जुनं, त्याचा इंट दोन बाइटांचा.
पलीकडचं नवं, त्याचा चार.

सोमवारी इनासचा फोन.
फेरीचा दोर टाकतो तो, बावीस वर्षं झाली.
‘बाय, तुजें मशीन फटी मारता.
उदक सव्या पांवड्यार पावलां,
आनी तें अजून सुकतीच दाखयता.’

मी गेले. विचारलं, सहावी पायरी म्हणजे किती सेंटिमीटर?
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
आंघोळीचं पाणी किती अंशांवर असतं असं विचारल्यासारखं.
‘सवो म्हणजे सवो.’
मग जरा थांबून,
‘हांगाचो सवो. पलतडचो वेगळो. थंय पांवडे ल्हान.’

हे मी दोन सत्रं शिकले होते,
फळ्यावरून वहीत, वहीतून पेपरात:
धक्का बदलला की पायरीची उंची बदलते,
नाव तेच राहतं.

तर रॉकीनं काय केलं होतं?
शून्य नावाचं एक घर हेडरमध्येच बांधलं होतं,
आणि पुढे लिहिलं होतं स्टॅटिक.
पाच फायलींनी हेडर आत घेतलं,
पाचांच्या अंगणात पाच शून्यं झाली.
दिसायला सारखी, एकमेकांना अनोळखी.
मे महिन्यात धक्का दुरुस्त झाला, सेन्सर हातभर वर बसला,
कुणीतरी बटण दाबून नवं शून्य लावलं.
ते एकाच घरात लागलं.
आकडे दाखवणारी फाईल शेजारीच होती,
तिला कुणी कळवलंच नाही.
कंपायलर गप्प. नियमानं सगळं बरोबर होतं.

मी हेडर रिकामं केलं.
एकच ओळ ठेवली, एक्स्टर्न लावून:
शून्य आहे. इथं नाही, पण आहे.
खरं शून्य दोन वेगळ्या फायलींत,
एक सां पेद्रची, एक दिवाडीची,
प्रत्येकीत तिच्या पायऱ्यांची उंची.
मेकफाईल एकीलाच होडीत घेते.
इफ-डेफची जाळी तोडून टाकली,
कुठल्याही तिसऱ्या फायलीनं आता विचारायचं नाही
आपण कुठल्या काठावर आहोत.
आणि जिथं जिथं नुसतं इंट होतं
तिथं बत्तीस बिट मोजून लिहिले.

पहिल्यांदा लिंकर अडला.
म्हणाला, नाव ऐकलंय, माणूस सापडत नाही.
मेकफाईलमध्ये मी दिवाडीच लिहायची विसरले होते.

रॉकीला मेसेज टाकला, रागानंच.
तिकडे दुपार. गोदामातून त्याचा आवाज आला,
मागे ट्रॉल्यांची खडखड.
‘सॉरी गो. दोनदां डेफिनिशन म्हूण एरर येतालो,
म्हूण स्टॅटिक घातलें. एरर गेलो.’
मग बराच वेळ नुसती खडखड.
‘रातची निमाणी बोट अजून धाचीच मगे?’

दिवाडीच्या मतदारयादीत त्याचं नाव अजून आहे.
त्याची आई दर रविवारी मिसाहून येताना
आमच्या यंत्राखाली उभी राहते, इनास सांगतो,
आकडा वाचते, आणि जाते.
मी रॉकीला हे लिहिलं नाही.
‘होय, दहाचीच,’ एवढंच.

बुधवारी नवं प्रोग्राम चढवून
मी लॅपटॉप मांडीवर घेऊन धक्क्यावर बसले.
लाल आकडे हलले, थांबले.
इनासनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.
चप्पल काढली, सहाव्या पायरीवर उतरला,
घोटा भिजेपर्यंत थांबला.
‘बरें,’ म्हणाला,
आणि दोर सोडला.